पाचवं ताट

गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री साडेआठच्या सुमाराला लेकाचा फोन आला, "आई, मित्राला घेऊन येतोय गं जेवायला." कणीक मळून झाकून ठेवली होती. आमच्या घरात माणसं चार, पोळ्या बारा. सासूबाईंना एक, ह्यांना तीन, लेकाला पाच, मला तीन. वर्षानुवर्षांचा हिशेब, हाताला पाठ झालेला. त्या दिवशी गाडीत उभ्याने आले होते, पाय भरून आलेले, पुन्हा पीठ चाळून मळायचं जिवावर आलं. बारा पोळ्यांत पाच जणांचं भागवायचं ठरवलं आणि तव्यावरची पोळी उलटता उलटता मोठ्याने हिशेब करत बसले, "लेकाच्या दोन कमी, ह्यांची एक, माझी एक..." सासूबाई म्हणाल्या, "आमटीत तांब्याभर पाणी घाल, एक उकळी आण, होतंय सगळं." मागे वळून पाहिलं तर तो मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा. हातात रिकामा पेला. पाणी मागायला आला होता.

जेवताना त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. तिसरी वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला, "नको काकू, खरंच पोट भरलं." वीस-एकवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, वसतिगृहात राहणारा मुलगा. दोन पोळ्यांत त्याचं पोट भरलं यावर माझा विश्वास बसला नाही, आणि तरी मी आग्रह केला नाही. सगळं आवरल्यावर डबा उघडला तर तळाशी, फडक्यात गुंडाळलेल्या, दोन पोळ्या शिल्लक. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी हात आखडला होता आणि तिसरी पोळी ज्याला खरी हवी होती त्याच्या वाटच्या पोळ्या डब्यात गार होऊन पडल्या होत्या.

त्या दोन पोळ्यांनी मला झोपू दिलं नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या आठवला तो बर्डी. हेन्री रॉबर्टसन बॉवर्स. पक्ष्याच्या चोचीसारखं नाक म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं नाव बर्डी. ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतला हा बुटका, जेमतेम पाच फूट चार इंचांचा माणूस मला भेटला तो माझ्या वडिलांमुळे. अण्णा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात स्टोअरला होते. व्हीटीला उतरून चालत जायचं, लायन गेटमधून आत, आणि दिवसभर खिळे, दोरखंड, रंगाचे डबे, वॉशर यांची जमा आणि खर्च. घरी आले तरी त्यांच्यातला स्टोअरकीपर कपडे बदलत नसे. गॅसचं सिलिंडर लावलं की त्या तारखेभोवती कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल. साखर किती दिवस पुरेल, काड्यापेट्या किती उरल्या, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या कपाटात एक जुनं, पाठीचा कागद उडालेलं इंग्रजी पुस्तक होतं ध्रुवावरच्या मोहिमांचं. त्यात जहाजाच्या फळ्यांवर रचलेल्या खोक्यांचा फोटो होता. मी शाळेत असताना तो फोटो दाखवून अण्णा म्हणाले होते, "ध्रुवावर गेलेल्यांची नावं सगळे सांगतील. बिस्किटं मोजली कोणी ते विचार."

ती बिस्किटं बॉवर्सने मोजली.

तो आमच्या गोदीचाच माणूस, असं अण्णा अभिमानाने म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं. १९०५ मध्ये तो रॉयल इंडियन मरीनमध्ये दाखल झाला. आजच्या आपल्या नौदलाचं हे आधीचं रूप, आणि त्याचं मुख्यालय मुंबईच्या गोदीत. त्याआधी तो 'वूस्टर' या शिक्षण-जहाजावर शिकला, शिडाच्या जहाजांतून जगभर फिरला. मग ब्रह्मदेशात इरावतीवरची नदीनौका, इराणच्या आखातात चोरट्या बंदुका पकडण्याची गस्त. साहेबाच्या राज्याचा अंमलदार होता तो, हे मी विसरत नाही. त्याच्या नौकेच्या काठाकाठाने ज्यांची शेतं होती त्यांना तो वेगळाच दिसला असेल. पण त्याचा बापही समुद्रावरचा कप्तान, तोही पूर्वेकडेच, ब्रह्मदेशात वारला, तेव्हा हेन्री अवघा तीन-चार वर्षांचा. स्कॉटलंडमध्ये आई आणि दोन बहिणी. कुठल्याही बंदरातून आईला लांबलचक पत्रं लिहिणारा मुलगा. आपल्याकडे कोकणातली कितीतरी घरं अशा पत्रांवर जगली, म्हणून असेल कदाचित, तो मला परका वाटत नाही.

स्कॉटने त्याला न भेटताच घेतलं. ध्रुवमोहिमांचे जुने पुरस्कर्ते सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी शिफारस केली तेवढ्यावर. 'टेरा नोव्हा' जहाज लंडनला लागलं होतं, तिथे आल्या आल्या हा माणूस उघड्या झाकणातून एकोणीस फूट खाली, तळातल्या लोखंडाच्या ठोकळ्यांवर पडला आणि उठून कामाला लागला. सुरुवातीला त्याने फक्त जहाजावर राहायचं, किनाऱ्यावरच्या तुकडीत नाही, असं ठरलं होतं. पण सामान कुठल्या खोक्यात, कुठल्या थरात, किती, हे त्याला इतकं तोंडपाठ की न्यूझीलंड सोडेपर्यंत स्कॉटने त्याला किनाऱ्यावरच्या तुकडीत घेऊन टाकलं. घरात सगळ्यांना सगळं कुठे आहे ते विचारायचं असतं ते एकाच माणसाला. तो माणूस घरी नसला की डबे सापडत नाहीत. बॉवर्स तसा होता.

१९११ च्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या अखंड काळोखाच्या दिवसांत, मोहिमेतले विल्सन, चेरी-गॅरार्ड (सोबत्यांचा चेरी) आणि बॉवर्स असे तिघे केप क्रोझियरला गेले, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. २७ जूनला निघाले, १ ऑगस्टला परतले. उणे साठ अंशांपर्यंत पारा गेला. झोपायच्या पिशव्या गोठून पत्र्यासारख्या कडक होत; आत शिरायचं म्हणजे एकेक अवयव ऊब देऊन वितळवत जायचं. चेरी थंडीने इतका कुडकुडत होता की त्याचे दात तडकले. बॉवर्सने आपल्या पिशवीत घालायचं पिसांचं अस्तर वापरलंच नव्हतं, कोरडं राखून ठेवलं होतं, ते त्याने चेरीपुढे धरलं. परत परत धरलं. चेरीने बरेच दिवस नाही म्हटलं. नाही म्हणणाऱ्याला आणि पुन्हा पुढे करणाऱ्याला, दोघांनाही काय वाटत असेल, हे मला त्या गुरुवारनंतर थोडं कळतं.

याच प्रवासात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ध्रुवाच्या वाटेवर माणशी शिधा किती आणि कसा असावा हे ठरवण्यासाठी तिघांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केला. विल्सनने लोणी जास्त खाल्लं, चेरीने बिस्किटं, बॉवर्सने पेमिकन, म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी यांचा गोळा. कोणाला कशाची भूक उरते, कोणाला काय जात नाही, यावरून पुढचा शिधा ठरला. दिवसाला माणशी १६ औंस बिस्किटं, १२ औंस पेमिकन, २ औंस लोणी, ३ औंस साखर, थोडा कोको, थोडा चहा. सगळं मिळून एक किलोच्या जरा आत. कागदावर हे आकडे वाचताना ते किती कोरडे वाटतात. पण ते आकडे तीन माणसांनी अंधारात, गोठल्या हातांनी, आपल्या पोटाला विचारून काढलेले आहेत.

तिथेच वादळात त्यांचा तंबू उडून गेला होता. दगडांचा आडोसा रचून वर ताणलेलं कॅनव्हासही फाटलं. तिघे पिशव्यांत पडून राहिले, स्तोत्रं म्हणत, आणि बॉवर्स मधूनमधून विल्सनला धपका मारून तो जिवंत आहे ना ते पाहत होता. तंबू नसला तर परत जाणं अशक्य. वारा पडल्यावर तो उताराखाली सुमारे अर्ध्या मैलावर सापडला. त्यानंतर परतीच्या वाटेवर बॉवर्स झोपताना तंबूला बांधलेली दोरी स्वतःला बांधून घेई. पुन्हा उडालाच तर तंबूबरोबर मीही जाईन, असा त्याचा हिशेब. तीन अंडी घेऊन ते परत आले.

आता मी त्या गोष्टीशी येते जिच्यामुळे मला त्या रात्री तो आठवला.

या मोहिमेत सगळं चारच्या हिशेबाने होतं. तंबू चौघांचा, स्लेज ओढायला चौघे, शिध्याच्या पिशव्या चौघांना आठवडा पुरतील अशा बांधलेल्या. बॉवर्सनेच बांधून घेतलेल्या. ३१ डिसेंबर १९११ ला टेडी इव्हान्सच्या तुकडीने, ज्यात बॉवर्स होता, वजन कमी करायला आपल्या स्की वाटेतच सोडल्या. स्कॉटचा हुकूम तसा होता. तीन दिवसांनी, ३ जानेवारीला, स्कॉटने सांगितलं की ध्रुवाकडे चौघे जाणार नाहीत, पाच जण जातील. स्कॉट, विल्सन, ओट्स, एडगर इव्हान्स, आणि पाचवा बॉवर्स. ध्रुव तिथून सुमारे २७० किलोमीटर. टेडी इव्हान्स, लॅशली आणि क्रीन ४ जानेवारीला मागे वळले. चौघांच्या बांधलेल्या पिशव्यांतून आता तिघांचा आणि पाचांचा वाटा बर्फावर बसून मोजून काढायचा होता. आणि सगळ्यांच्या पायाला स्की असताना बॉवर्सला त्या बर्फात पायी चालत ओढायचं होतं. आपल्या स्की त्याला परतीच्या वाटेवर, ३१ जानेवारीला मिळाल्या. एक महिना तो पायी चालला. इतरांपेक्षा आखूड पायांनी.

स्कॉटला नावं ठेवणाऱ्यांची रांग मोठी आहे. मला त्या रांगेत उभं राहायचं नाही, पण हा निर्णय चुकलाच असं मला वाटतं. पाच जानेवारीच्या नोंदीत स्कॉट स्वतः लिहितो की पाच जणांचा स्वयंपाक व्हायला चौघांपेक्षा जास्त वेळ लागतो, दिवसाकाठी अर्धा तास, आणि हे आपल्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या ध्यानात आलं नव्हतं हे मी मानते. एवढ्या मोठ्या मोहिमेचा प्रमुख, त्याला चुलीपाशी काय होतं ते कुठून कळणार. पण बॉवर्सच्या? ज्याने प्रत्येक डबा मोजला होता, त्याला भांडंभर जास्त बर्फ वितळायला किती रॉकेल जळतं हे माहीत नव्हतं? मला खात्री वाटते की माहीत होतं. आणि त्याला जायचं होतं, हेही तितकंच खरं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, डोळ्यांसमोर ध्रुव. नको म्हणाला असता तर मलाच वाईट वाटलं असतं. वाढणाऱ्यालाच जेवायला बसवलं की त्याचा घास कसा अडखळत असेल. पुढच्याच काही दिवसांत स्कॉट लिहितो की शिध्याची सगळी व्यवस्था मी बॉवर्सवर सोपवली आहे, केव्हाही विचारा, कुठल्या घडीला काय शिल्लक आहे ते तो नेमकं सांगतो, एवढ्या वाटण्या-फेरवाटण्या झाल्या पण एकही चूक नाही. शिवाय हवामानाच्या नोंदी, सूर्याचे कोन घेऊन जागा काढणं, फोटो, सगळं तोच. ध्रुवावरच्या त्या प्रसिद्ध फोटोत पाच थकलेले चेहरे आहेत. खाली बसलेला बॉवर्स हातातला दोरा ओढून फोटो काढतोय.

१६ जानेवारीला दुपारी दूरवर काहीतरी काळं दिसलं तेही त्याच्याच नजरेला पहिल्यांदा. त्याच वेळी ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनच्या माणसांनी लावलेलं काळं निशाण. नॉर्वेचे लोक १४ डिसेंबरलाच पोचले होते.

परतीचं सगळं मला सांगवत नाही, पण रॉकेलचं सांगते. वाटेत पुरून ठेवलेल्या साठ्यांत रॉकेलचे डबे पुरेसे भरलेले सापडेनात. डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वॉशर होते. थंडीने ते निकामी झाले आणि तेल झिरपून, उडून गेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या जुन्या घरातला प्रायमसचा स्टो डोळ्यांसमोर आला. पितळी, तीन पायांचा. पंप मारला की आधी फुरफुर आणि मग निळी ज्योत धरायची. पंप ढिला पडला की अण्णा दट्ट्या बाहेर ओढून त्याच्या टोकाची चामड्याची वाटी गोडेतेलात भिजवून ठेवत. "चामडं कोरडं पडलं की हवा धरत नाही," ते म्हणत. बोटांना रॉकेलचा वास, ओट्यावर तेलाची वाटी. तिकडे पृथ्वीच्या टोकाला बर्फातही प्रायमसच होता. पाण्याच्या घोटासाठीही आधी स्टो पेटवावा लागतो अशा जागी रॉकेल संपणं म्हणजे तहान, भूक आणि थंडी एकदम. अण्णा हे पान वाचून पुस्तक मिटून ठेवायचे. पुढचं वाचत नसत.

पहिला गेला एडगर इव्हान्स, मागे वळलेला टेडी नव्हे, हा दुसरा, १७ फेब्रुवारीला. पाचांतला सर्वांत धिप्पाड. हाताला जखम झाली होती, पडून डोक्याला मार लागला असावा, कारणं अनेक आहेत. पण त्याच्या मोठ्या देहाला शिधा मात्र बॉवर्सएवढाच होता. सगळ्यांना सारखं वाढलं की न्याय झाला असं आपण समजतो. लेकाच्या मित्राच्या रुंद खांद्यांकडे बघताना मला इव्हान्स आठवायला हवा होता. मग ओट्स, मार्चच्या मध्यावर, पाय सडलेले, आपल्यामुळे बाकीचे अडकतात म्हणून वादळात तंबूबाहेर निघून गेला. हा ओट्स आपल्या महूच्या छावणीतून या मोहिमेत आला होता. त्यानेच सुचवलं होतं म्हणून दुसऱ्या वर्षी सिमल्याहून हिंदुस्थान सरकारने सात खेचरं पाठवली. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. ही नावं मी कितीदा तरी मोठ्याने म्हणते. शोधायला निघालेल्या तुकडीबरोबर ती बर्फात चालली. म्हणजे त्या पांढऱ्या मुलखात कोणीतरी "गुलाब" म्हणून हाक मारली असेल.

वीस मार्चला उरलेल्या तिघांकडे माणशी दोन कप चहापुरतं इंधन आणि दोन दिवसांचं तुटपुंजं अन्न होतं. वन टन डेपो, जिथे खाणं आणि रॉकेल होतं, अकरा मैलांवर. स्कॉटचा पाय गेला होता. विल्सन आणि बॉवर्स यांनी चालत जाऊन इंधन आणायचं असं ठरलं. वारा थांबेना, दोघांना निघताच आलं नाही. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची. त्याने बॉवर्सच्या आईला पत्र लिहिलं, संकटं वाढत गेली तसतसा तुमचा मुलगा अधिकच उजळत गेला, शेवटपर्यंत आनंदी आणि आशावादी राहिला, अशा अर्थाचं. त्या बाईने ते पत्र किती वेळा वाचलं असेल. नवरा पूर्वेच्या समुद्राने नेला, मुलगा दक्षिणेच्या बर्फाने.

१२ नोव्हेंबर १९१२ ला तंबू सापडला. मधे स्कॉट, दोन बाजूंना विल्सन आणि बॉवर्स, झोपल्यासारखे, पिशव्या ओढून घेतलेल्या. स्लेजवर सुमारे १६ किलो दगड होते. इंधन संपत आलं, पाय चालेनात, तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांतले पहिले काही बॉवर्सनेच माउंट डार्विनवरून आणले होते, नुकत्याच परत मिळालेल्या स्कीवरून जाऊन. पुढे माउंट बकलीपाशी विल्सनला दगडांत पानांचे ठसे दिसले. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, कधीच्या काळी नाहीशा झालेल्या झाडाची पानं. हीच पानं आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. चंद्रपूरचा कोळसा त्याच युगातला. एकेकाळी हा सगळा एकच भूखंड होता आणि त्याला गोंडवन हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. माझं माहेर विदर्भातलं असतं तर मी यावर अजून पानभर लिहिलं असतं. इतकंच म्हणते, जो माणूस औंसाऔंसाचा हिशेब ठेवत होता त्याने या सोळा किलोंना मात्र ओझं म्हटलं नाही.

अण्णा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना जेवण जात नसे. भाताची वाटी पुढे केली की विचारायचे, "तुम्हाला सगळ्यांना आहे ना?" आहे म्हटलं तरी दोन घास घेऊन वाटी सरकवायचे. कॅलेंडरवरचा त्यांचा शेवटचा पेन्सिलीचा गोल एकवीस तारखेभोवती होता. ते सिलिंडर त्यांच्यामागे आठ दिवस चाललं.

त्या गुरुवारनंतर मी लेकाला दोनतीनदा सांगितलं, मित्राला आण रे जेवायला. परीक्षा आहे, सबमिशन आहे, असं चाललं होतं. गेल्या रविवारी आला. या वेळी मी आधीच वीस पोळ्या करून ठेवल्या होत्या, वर बटाट्याची भाजी, वरण, भात. दार उघडलं तर तो चपला काढत होता, एका हातात कागदाचा पुडा. आत आला आणि पुडा माझ्या हातात दिला. "काकू, येताना पाव आणले. गरम आहेत."

पुडा खालून ओलसर, ऊन लागत होता. त्याला पाणी देऊन मी ओट्यापाशी येऊन उघडला. अर्धा डझन पाव, एकमेकांना चिकटलेले.

ताटं घ्यायला मांडणीकडे वळले आणि पाच काढली.